भिंतीवरचे बारा चिनी सुविचार

कोल्हापूरला चित्रकारांची नगरी म्हणतात. त्या नगरीत मी तीस-पस्तीस वर्षं ब्रश धरला, पण चित्रकारांत माझी गणना कुणी केली नाही, आणि ते रास्तच आहे. मला घोडा काढायला सांगितला तर फार तर गाढव निघेल. मी अक्षरं काढायचो. दुकानांचे बोर्ड, दवाखान्यांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी आणि निवडणुकीच्या दिवसांत मिळेल ती भिंत. गल्लीत मला सगळे नुसतं ‘पेंटर’ म्हणत. माझं खरं नाव घरच्या रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेत सापडेल.

या अंकाच्या संपादकबाईंनी ‘धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत. कुरुंदवाडच्या एका ट्रकवाल्यानं नव्या ट्रकच्या कपाळावर बायकोचं नाव काढून घेतलं आणि आईचं मागच्या फाळक्यावर. दुसऱ्याच दिवशी ट्रक घेऊन माझ्या दारात हजर! म्हणाला, “पेंटर, दोघींची नावं म्होरंच घाला, एका वळीत. आणि लांबी सारखी पायजे, आई दोरी घिऊन मोजणार हाय.” आईचं नाव सोना, बायकोचं विजयालक्ष्मी. दोन अक्षरं आणि पाच अक्षरं सारख्याच जागेत बसवायची. सोनाचं ‘सो’ मी असं पसरवलं की म्हातारी खूश झाली आणि सून गप्प बसली. पुढं चार वर्षं तो ट्रक मार्केट यार्डात दिसला की मी आपला हळूच मान वळवून बघून घ्यायचो.

असे किस्से मी तासभर सांगू शकतो. पण लिहायला बसलो की मला एकच भिंत दिसते, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो. बाईंनी गोड मानून घ्यावं.

आधी कामाचं थोडं सांगायला हवं, कारण आता फ्लेक्सच्या जमान्यात ते कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. लोकांना वाटतं पेंटरचं काम म्हणजे अक्षर. अक्षर शेवटच्या दिवसाचं काम आहे. दोरी मारायची, शिरोरेषा आखायची, काठीवर मनगट टेकायचं आणि खारीच्या केसांच्या ब्रशानं श्वास धरून ओढत जायचं. बघायला गर्दी जमते, चहा येतो. पण भिंतीचं खरं काम त्याच्या आधी आठवडाभर चालतं आणि ते बघायला कुत्रंही थांबत नाही. जुना चुना मुळापर्यंत खरवडायचा. भिंत सुकू द्यायची. मग अळशीच्या तेलाचा हात द्यायचा. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पॉलिश पेपरनं घासायची. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात, मग अक्षर. प्रत्येक थर वाळेपर्यंत वाट बघायची. यातलं काही गाळलं तर त्या दिवशी कुणालाही कळत नाही, दुसऱ्या पेंटरलासुद्धा नाही. चुन्यावर ऑइल पेंट बसत नाही, बसल्यासारखा दिसतो.

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये कांबळे सर माझ्या दुकानात आले. नृसिंहवाडीच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या एका गावात ते माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. शिडशिडीत, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या हातात दोनशे पानी वही होती, कडा मळलेल्या.

“शाळेच्या कंपाउंडवर सुविचार काढायचेत,” ते म्हणाले. “बारा चौकटी.”

मी म्हटलं, “सर, काही आणायची गरज नाही. मला शंभर सुविचार पाठ आहेत. जिल्ह्यातल्या निम्म्या शाळा मीच शहाण्या केल्यात.”

ते हसले. “तुमचे नकोत. हे चीनचे आहेत.”

चीनशी आमच्या दुकानाचा संबंध तोवर कोपऱ्यावरच्या गाड्यावरच्या मंच्युरियनपुरताच होता. मी वही उघडली. बारीक, सुबक अक्षर. तरुणपणी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून सरांनी इंग्रजीतून जुन्या चिनी गुरूंची वचनं उतरवली होती आणि पुढं वीस वर्षं ती मराठीत करत राहिले होते. एकेका वाक्याचे चार-चार खर्डे, खोडलेले. एकात रोज दिवस संपताना आपलीच झडती घ्यायला सांगितलं होतं. दुसऱ्यात म्हटलं होतं की नेम चुकलेला तिरंदाज चूक आधी स्वतःत शोधतो. सगळा रोख एकाच गोष्टीवर, की माणसानं स्वतःला घडवत राहावं, शेवटपर्यंत.

“आपल्या संतांचे सोडून चीनचे का?” मी विचारलं.

सरांनी वहीवर बोट ठेवलं. “यात जन्म कुठं येत नाही पेंटर,” ते म्हणाले. “कोण कुठल्या घरात जन्मला, हे हे लोक विचारतच नाहीत. दगडाला घासून आकार येतो तसा माणसालाही येतो म्हणतात. छप्पन सालानंतर आमच्या घरात बुद्ध आले. त्यांच्यामागनं फिरत फिरत मी चीनपर्यंत पोचलो.”

मला ते तेव्हा अर्धंच कळलं. पण माणूस आवडला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक अक्षराचा आकार सांगतं, रंग सांगतं, बोर्ड किती लांबनं दिसला पाहिजे हे सांगतं. शब्दावर वीस वर्षं घालवून मग माझ्याकडं आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मी काम सुरू केलं. रोज एसटीनं जायचो. सर रोज यायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि वाक्य भिंतीवर उतरताना ओठ हलवत वाचायचे. एकदा आठवी चौकट पूर्ण झाल्यावर म्हणाले, “एक शब्द बदलायचाय.” मी कपाळाला हात लावला. पण मी त्यांनी बदललेला शब्द वाचला आणि मुकाट्यानं पुसून पुन्हा लिहिलं, कारण नवा शब्द खरंच चांगला होता. प्रत्येक चौकटीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘चिनी सुविचार’ लिहायचं होतं. दुपारी त्यांच्या घरचा डबा यायचा. भाकरी, दोडक्याची भाजी, ठेचा. जेवताना ते चीनच्या गोष्टी सांगायचे. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

बारावी चौकट अगदी टोकाला, वर्गखोल्यांच्या पन्हाळीखाली होती. तिथला वळीव लागून ओलसर झालेला चुना निघता निघेना. त्यात कोल्हापूरहून निरोप आला, एका हॉटेलचं उद्घाटन दोन दिवस अलीकडं आलं होतं आणि बोर्ड मला करायचा होता. सर त्या दिवशी कुठल्याशा सभेला जयसिंगपूरला गेले होते. शाळेत मी एकटाच. वरवर खरवडलं, तेल नाही, लांबी नाही, प्रायमर नाही. चुन्यावरच रंगाचा एक जाड हात मारला, दुसऱ्या दिवशी अक्षरं काढली आणि सामान बांधलं.

त्या चौकटीत काय लिहिलं होतं? त्यात म्हटलं होतं की कुणी बघत नसताना माणूस जे काम करतो तेवढंच त्याचं स्वतःचं असतं, बाकीचं सगळं बघणाऱ्यांचं. ते वाक्य मी या हातानं, त्या भिंतीवर, मन लावून, सुंदर अक्षरात लिहिलं. लिहिताना काही वाटलं नाही हे सांगितलं तर खोटं ठरेल. वाटलं. पण हॉटेलवाला थांबणार नव्हता.

आठ वर्षं काही झालं नाही. वाडीला जाणारे लोक एसटीच्या खिडकीतनं ती भिंत वाचायचे. माझ्याकडं नवी गिऱ्हाइकं येऊन ‘त्या चिनी भिंतीसारखं अक्षर पायजे’ म्हणायची. मग दोन हजार पाचचा पूर आला. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही चढल्या, शाळेत कमरेच्या वर पाणी, आणि ते कितीतरी दिवस हललं नाही. रस्ता खुला झाल्यावर मी गेलो. सर चिखलात उभे राहून बादलीनं भिंत धूत होते. अकरा चौकटींवरचा गाळ पाण्याबरोबर निघून गेला आणि खालनं अक्षरं जशीच्या तशी वर आली. बाराव्या चौकटीचा रंग भिजल्या पापडासारखा सुटून खाली पडला होता. खाली पांढरा चुना उघडा.

“सर, ही मी पुन्हा करून देतो. आत्ताच,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच चोराचा वाटला.

सरांनी त्या मोकळ्या चौकटीकडं बराच वेळ बघितलं. “राहू दे,” ते म्हणाले. “तशीच राहू दे आता.”

ते असं का म्हणाले हे मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

पण खरी शिक्षा पुढंच होती. त्या थंडीत शाळेच्या स्नेहसंमेलनाला मला बोलावणं आलं आणि स्टेजवर माझा सत्कार! शाल, श्रीफळ, फेटा. सर माइकवर बोलले, महापुरात गावातले भले भले बांध फुटले, पण या माणसाचं काम टिकलं, कारण यानं कुणी बघत नसतानाही भिंतीची सेवा केली. समोर अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. मधूनच सरपंच हसत म्हणाले, “ते समदं खरं, पर पेंटर, एकच कसं काय पडलं वो?” मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, “तिथं पन्हाळीचं पाणी मुरतंय सरपंच. त्यात यांचा दोष न्हाय.” मी फेट्याखाली घामानं भिजलो. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. नाही बोललो.

घरी येऊन शाल खुंटीला लावली तेव्हा मंगलनं, माझ्या बायकोनं, माझं तोंड बघितलं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यास्नी जाऊन सांगा की. मला सांगून काय उपेग?”

“आता कसं सांगू? सत्कार केला त्यांनी.”

“म्हणूनच तर. ती शाल पांघरून झोप लागणार हाय व्हय तुमास्नी?”

ती शाल आजवर कुणी पांघरली नाही. आणि सांगायला मला तीन वर्षं लागली. तोवर फ्लेक्स आला होता. कॉम्प्युटरवर तासात बोर्ड तयार, त्यावर वाढदिवसवाल्याचा गॉगल घातलेला फोटो. माझ्या दुकानात दिवस दिवस कुणी फिरकत नसे. रिकाम्या माणसाला जुनी पापं जास्त आठवतात. दोन हजार आठच्या दिवाळीनंतर एका सकाळी उठून मी सरळ एसटीत बसलो.

सर निवृत्त झाले होते. बौद्धवस्तीत, समाजमंदिराच्या पलीकडं त्यांचं घर. ते बरेच उतरले होते, हृदयाचं दुखणं होतं, जिना चढायची मनाई होती. चहा झाला. मी उभा राहिलो आणि पाढे म्हणणाऱ्या पोरासारखं सगळं सांगून टाकलं. चुना, तेल, लांबी, प्रायमर, हॉटेल, सत्कार.

सर रागावतील अशी माझी तयारी होती. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“बसा, बसा,” ते म्हणाले. “अहो पेंटर, मला वाटलं माझ्यामुळं पडली.”

“तुमच्यामुळं?”

“ते बारावं चीनचं नव्हतंच. ते माझं होतं. मी लिहिलेलं.”

सर हळूहळू सांगायला लागले. वही चाळता चाळता कधीतरी एक वाक्य त्यांना स्वतःलाच सुचलं होतं. अकरा चिनी वाक्यांच्या शेजारी ते शोभेल असं त्यांना वाटलं. पण खाली नाव कुणाचं घालायचं?

“माझे वडील ह्याच गावातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. वर्गाबाहेर बसून. मी त्याच गावात मुख्याध्यापक झालो. लोक मान द्यायचे, नमस्कार करायचे. पण माझं वाक्य भिंतीवर लावलं असतं तर त्यांनी ते वाचलं नसतं पेंटर. आधी नाव वाचलं असतं, मग पुढं गेले असते. चीनचं म्हटल्यावर वाचलं.” ते थांबले. “आण्णा चौगुले माहीत आहेत ना? दूध घेऊन डेअरीला जातात ते. रोज सकाळी त्या चौकटीपाशी सायकल थांबवायचे. एकदा मला म्हणाले, ‘सर, चिनी माणूस लई हुशार हाय बघा. आपल्याकडं असं कुणी लिवणार न्हाय.’ मी म्हणालो, ‘व्हय आण्णा.’”

“मी काही दैवाबिवावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे,” सर म्हणाले. “पण पुरानं अकरा ठेवली आणि नेमकी तीच पाडली, तेव्हा वाटलंच, की खोटी सही होती म्हणून गेली. म्हणून तुम्हाला राहू दे म्हटलं.”

मी म्हटलं, “सर, ती चौकट मी पुन्हा करतो. सगळे थर घालून. आणि खाली तुमचं नाव घालतो.”

ते नको म्हणतील असं वाटलं होतं. पण ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि एखादी गोष्ट मागायला लाजावं तसे म्हणाले, “घाला. मला बघायचं आहे.”

नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी लगेच परवानगी दिली. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. सर रिक्षानं यायचे, पहिल्यासारखी खुर्ची टाकून बसायचे. मी चुना विटेपर्यंत खरवडला. दोन दिवस भिंत उन्हात सोडली. तेलाचा हात दिला. थंडीचे दिवस, तेल लवकर ओढेना, आणखी एक दिवस गेला. लांबी भरली, वाळवली, घासली. सर मधूनच विचारत, “आज काय?” आणि मी थराचं नाव सांगे. प्रायमर मारला त्या दिवशी त्यांनी विचारलं, “आज अक्षरं काढता येणार नाहीत काय?”

“नाही सर. हा वाळला पाहिजे. मग रंगाचे दोन हात. या वेळी नाही घाई करायची.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “थांबू या.”

तिसऱ्या दिवशी पहाटे सर गेले. निरोप आला तेव्हा मी रंग मिसळत होतो.

त्यांचं सगळं आटोपल्यावर मी अक्षरं काढली. माझ्या हातून इतकं चांगलं अक्षर पुन्हा उतरलं नाही. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव काढत असताना मागं सायकल थांबली. दुधाचे कॅन वाजले. आण्णा चौगुले होते, आता म्हातारे झालेले. त्यांनी सवयीनं वाक्य वाचलं, मग त्यांची नजर खाली नावावर आली आणि थांबली.

“हे सरांनी लिवलंय?”

“व्हय आण्णा. आधीपासनं त्यांचंच हुतं.”

“मग मला येवढी वर्सं चिन्याचं म्हणून का वाचू दिलं त्यांनी?”

मी ब्रश खाली ठेवला. “त्यांचं नाव असतं तर तुमी वाचलं असतं व्हय?”

एक एसटी गेली. आण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली.

“नसतं वाचलं,” ते म्हणाले.

ही गोष्ट सरांना सांगायला मी आजही तडफडतो. त्यांनी ऐकायला हवं होतं ते, त्या माणसाच्या तोंडून. ती चौकट अजून शाबूत आहे, एकही पोपडा नाही. मी वर्षातनं एकदा जाऊन बघून येतो आणि येताना दर वेळी मनात एकच विचार असतो, जो मी सरांना कधीच सांगू शकलो नसतो. त्या दिवशी सरांनी विचारलं तेव्हा मी सरळ ओल्या प्रायमरवर लिहायला हवं होतं. चार-पाच वर्षांत सगळं गळून पडलं असतं. पडलं असतं तर पडलं असतं. सरांनी भिंतीवर आपलं नाव बघितलं असतं.